समोरून शिकलेली वीण

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घोडेगावात साळूबाई या नावानं कुणी फारसं हाक मारत नाही. "क्रोशावाल्या" म्हटलं की बाजारतळावरचा कुणीही माणूस आमचं घर दाखवतो. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरतात, डोळ्याला जाड चष्मा आणि हातात कायम क्रोशाची सुई. टीव्हीवरची मालिका बघताना हात चालूच असतो. मालिकेतली सून काय बोलली ते विचारा, बरोब्बर सांगतील, आणि टाका एकही चुकलेला नसेल. मला या घरात येऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं मी दोनदाच पाहिलं. एकदा मामा, म्हणजे माझे सासरे, नगरला दवाखान्यात होते तेव्हा. दुसऱ्यांदा मागच्या मार्गशीर्षात, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

आधीच सांगते, माझी जीभ जरा तिखट आहे. कोपरगावच्या उसाच्या पट्ट्यातली मुलगी अशी कशी निघाली, असं मामा अजून विचारतात. त्यामुळे आत्यांबद्दल मी फक्त गोडगोड लिहीन असं कुणी समजू नये.

आमचा बचत गट आठ जणींचा. दोन वर्षांपासून आम्ही क्रोशाच्या नाडीच्या पिशव्या करतो. विणकाम करणाऱ्या बाईला सुतगुंडी, सुया आणि अर्धवट झालेलं काम एका जागी ठेवायला लागतं, त्यासाठीची ही पिशवी. सुताचं टोक पिशवीच्या तोंडातून बाहेर घ्यायचं, पिशवी मनगटाला अडकवायची आणि विणत बसायचं. कुणी बोलावलं की सुईसकट सगळं आत टाकायचं, नाडी ओढायची, उठायचं. तळ गोल, मुक्या खांबांचा, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यांचा. मग भिंत सरळ वर चढवायची. तोंडाशी एक खांब, एक साखळी असं करत मोकळी घरं सोडायची, त्यांना आत्या "खिडक्या" म्हणतात. त्या खिडक्यांतून नाडी ओवायची. आठही जणींना हे आत्यांनी शिकवलं, शेजारी बसवून, हाताकडं बघायला लावून.

मार्गशीर्षात नगरहून प्रशिक्षणाच्या एक मॅडम आल्या. आमच्या ओसरीवर आम्ही सगळ्या गोल करून विणत बसलो होतो. मॅडम आमच्यामागून एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "गंमत आहे. तुम्ही आठही जणी डावखुऱ्या?"

आम्ही आपापल्या हातांकडं बघितलं. खरंच, सगळ्यांची सुई डाव्या हातात. मी भाकरी उजव्या हातानं थापते, सही उजव्या हातानं करते, मुलीला धपाटाही उजव्याच हातानं घालते. पण क्रोशा डाव्या हातानं करते हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आत्यांनी शिकवलं तसं आम्ही करतो," मी म्हणाले.

"मग काकू, तुम्ही डावखुऱ्या असणार."

"न्हाई बा," आत्या म्हणाल्या आणि मान खाली घातली.

मॅडमनी तो विषय सोडला. त्यांनी एक तयार पिशवी उचलली, तळ पाहिला, वीण पाहिली, खूश झाल्या. मग तोंडाशी आल्या आणि थांबल्या. "इतकी सुरेख पिशवी, आणि तिला परकराची नाडी का हो ओवलीत? याच सुताची नाडी विणून घाला ना. गोल, बिनशिवणीची, आतून पोकळ असते ती. पिशवी कुठल्या कुठं जाईल."

आठही जणींनी एकदम आत्यांकडं बघितलं. विणकामातलं काहीही अडलं की आम्हाला तीच सवय आहे.

"मला येत न्हाई," आत्या म्हणाल्या.

त्या असं कधी म्हणत नाहीत. येत नसलं तर रात्रभर बसून उसवून-विणून सकाळी येतंय म्हणून दाखवतात. त्या दिवशी मॅडम गेल्या, बायका पांगल्या, मी दिवाबत्ती केली, तरी आत्या ओसरीवर तशाच बसलेल्या. सुई पिशवीत, पिशवी भिंतीशी, दोन्ही हात मांडीवर उताणे.

मी जवळ जाऊन बसले. विचारलं, "आत्या, तुम्हाला कुणी शिकवलं क्रोशा?"

"माहेरी."

हे उत्तर मी सोळा वर्षं ऐकत होते. पण त्यांच्या माहेरी मी डझनभर वेळा जाऊन आलेय. तिथं एकाही बाईला बटण लावता येत नाही.

"आत्या, खरं सांगा."

त्यांनी गल्लीच्या पलीकडं बोट केलं. समोर आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

पूर्वी तिथं गावच्या नर्सबाईंची खोली होती. एस्तेरबाई त्यांचं नाव, आणि नवरा योसेफ गुरुजी, प्राथमिक शाळेत. शहात्तर साली आत्या अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा एस्तेरबाई पस्तिशीच्या आत-बाहेर होत्या. पंचक्रोशीतली बाळंतपणं त्यांच्या हातची. माझा नवरा भागवत त्यांच्याच हातांत जन्मला. आणि त्या हात धुऊन बाहेर पडल्या की माझ्या आजेसासूबाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं. भागवतला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, "मला कशाला सांगतेस, मी तेव्हा नवीनच होतो."

आजेसासूबाईंनी सुनेला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की ख्रिस्ती माणसाच्या त्या उंबऱ्यात पाय टाकलास तर या उंबऱ्यात परत येऊ नकोस. अडलेल्या बाईला नर्सबाईंचा हात चालायचा. त्यांच्या घरचं पाणी चालायचं नाही आणि त्यांच्या खोलीत सून गेलेली चालायची नाही.

दुपारची जेवणं उरकली की एस्तेरबाई दारात स्टूल टाकून विणत बसायच्या. मनगटाला नाडीची पिशवी, तिच्या तोंडातून येणारं पांढरं सूत. आत्या आपल्या ओट्यावर सुपात गहू घेऊन बसायच्या. मधली गल्ली एक बैलगाडी जाईल एवढी. सुपातले गहू आधीच निवडलेले असायचे. छत्रीची मोडकी काडी दगडावर घासून आत्यांनी सुई केली, पेंडीच्या पोत्याची शिवण उसवून दोरा मिळवला. दुपारी जे बघितलं ते संध्याकाळी गोठ्यात, म्हशीची धार काढायच्या आधी, करून बघायच्या. साखळी, मग मुका खांब, मग खांब.

"शेजारी बसून न्हाई शिकता आलं," आत्या म्हणाल्या. "समोरून जसं दिसलं तसं केलं."

मी उठले, त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि सुई उजव्या हातात धरली. माझ्या सुईच्या बरोब्बर समोर आत्यांचा डावा हात होता. मला एकदम सगळं कळलं. आत्यांनी त्या बाईंचं विणकाम आरशात दिसतं तसं उचललं होतं, आणि मग शेजारी बसवून आम्हा आठ जणींच्या हातात तसंच दिलं. घोडेगावात आठ बाया डाव्या हातानं क्रोशा करतात, कारण अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एका सुनेला गल्ली ओलांडायची परवानगी नव्हती.

"आन् नाडी त्यांनी कधी दारात विणलीच न्हाई," आत्या सांगत होत्या. "पिशवी डोळ्यांदेखत व्हायची. नाडी एकदम तयारच दिसायची. गोल, मऊ, कुठं शिवण न्हाई. ती कशी करत्यात ते मला कधी दिसलं न्हाई."

मला वाटलं गोष्ट संपली. मी म्हणणार होते की मोबाईलवर बघून शिकू, त्यात काय. पण आत्या पुढं बोलल्या, आणि पुढचं बोलताना त्यांचा आवाज फार बारीक झाला.

त्या वेळच्या एका संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, ठकूबाईच्या ओसरीवर. ठकूबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात त्या, तेव्हाही गल्लीतलं मोठं हळदीकुंकू त्यांचंच असायचं. आत्यांनी तोपर्यंत क्रोशाचं एक तोरण केलं होतं आणि ते ठकूबाईच्या दाराला लागलं होतं. बायका कौतुक करत होत्या. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "नर्सबाईंकडनं शिकलीस व्हय गं?" आजेसासूबाई तिथंच बसलेल्या. त्यांनी मान वळवून सुनेकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "त्या कशाला शिकवत्यात मला? आमच्या माहेरी समद्यांनाच येतं. त्यांच्या दाराकडं मी बघत बी न्हाई."

एस्तेरबाई ओसरीच्या पायरीपाशी उभ्या होत्या. ठकूबाईच्या नातवाला लस टोचायची आठवण करायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आत्यांकडं एकदा बघितलं, निरोप सांगितला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून स्टूल दारात आलं नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली पाथर्डीकडं झाली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा आत्या आत चुलीशी भाकरी थापत होत्या. बाहेर आल्या नाहीत.

मला खरं तर आजेसासूबाईंचा राग यायला हवा होता. पण त्या जाऊन वीस वर्षं झाली. मला समोर बसलेल्या बाईचा राग आला. "आणि आता चाळीस वर्षांनी एका नाडीसाठी रडताय?" मी म्हणाले. बोलून गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं.

"नाडीसाठी न्हाई रेश्मा," त्या म्हणाल्या. "त्या जित्या हायेत का न्हाई ते बी मला ठावं न्हाई. असल्या तर एकदा त्यांच्या म्होरं जाऊन सांगायचं हाय. न्हाईतर मी ही सुई हातात घिऊन मरायची आन् खोटीच मरायची."

मग मी कामाला लागले. आमच्या आशाताईंनी त्यांच्या ग्रुपवर विचारलं, ग्रुपमधल्या एका निवृत्त सिस्टरनी दुसरीला विचारलं, आणि चौथ्या दिवशी भिंगारचा एक नंबर आला. फोनवर एस्तेरबाईंचा मुलगा पॉल होता, कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरीला. त्यानं सांगितलं की वडील जाऊन दहा वर्षं झाली. आईला काचबिंदूनं आता अजिबात दिसत नाही, बाकी कान आणि जीभ ठणठणीत आहे. "पण ताई, ब्याऐंशीची आहे ती," तो म्हणाला. "यायचं तर फार लांबवू नका."

आत्यांनी न्यायला म्हणून नवीन पिशवी घातली. मोतिया रंगाचं सूत घेतलं. तीनदा तळ उसवला. जी बाई डोळे मिटून तळ घालते ती टाके मोजत बसली. पिशवी झाली, पण खिडक्यांत काही ओवलं नाही. परकराची नाडी मी पुढं केली तर त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन ट्रंकेत टाकली.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर त्यांनी मला छळलं. आधी म्हणाल्या गुडघा दुखतोय. मग म्हणाल्या, बाजाराचा दिवस आहे, जनावरांच्या टेम्पोंनी रस्ता तुंबेल. मग म्हणाल्या, संक्रांत झाल्यावर जाऊ. मी त्यांचा दंड धरला आणि गाडीत चढवलं. नगरपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. नगरला उतरून आम्ही शेअर रिक्षा केली आणि अकराच्या सुमाराला भिंगारमध्ये पॉलच्या दारात उभ्या राहिलो.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. दार उघडंच होतं. आतल्या भिंतीशी खाटेवर एस्तेरबाई बसलेल्या, केस पांढरे आणि घट्ट विंचरलेले, अंगात स्वेटर. मी चपला काढून आत गेले. मागं वळून बघते तर आत्या उंबऱ्याच्या बाहेरच, पायरीवर बसलेल्या. मी डोळ्यांनी खुणावलं, आत या. त्यांनी मान हलवली. माझं डोकं फिरलं. इतक्या लांब येऊन आता पायरीवर बसायचं का?

"आई, घोडेगावच्या बाई आल्यात," पॉल म्हणाला.

"सलाम," एस्तेरबाई म्हणाल्या. "कोण बाई?"

"साळू," आत्या पायरीवरून म्हणाल्या. "समोरची."

एस्तेरबाईंनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. मग मामांचं नाव घेऊन म्हणाल्या, "कानिफनाथची बायको."

"व्हय."

"पोरगा कसा आहे? पायाळू होता तो. रात्रभर जागवलं होतं त्यानं मला."

"बरा हाय. ही त्याची मंडळी, रेश्मा."

मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पॉलनं पाणी आणलं, आत्यांनी पायरीवरच तांब्या घेतला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायल्या, आणखी मागितलं. मग पिशवी बाहेर काढून माझ्या हातात दिली, त्यांना दे म्हणून. मी मधल्या मध्ये पोस्टमन.

एस्तेरबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. बोटं तळाच्या मध्यावर ठेवली आणि गोल फिरवत कडेपर्यंत आणली. मग थांबल्या, परत मध्यावर गेल्या, परत फिरवली. कपाळाला आठी पडली. "हे उलट्या अंगानं फिरलंय," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं विणलंस?"

"तुमच्या समोर बसून शिकले म्हनून," आत्या म्हणाल्या.

एस्तेरबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खोकला लागला, पॉलला पाठ चोळावी लागली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे माझ्या ध्यानातच आलं नाही कधी. मी आपली हात वर धरून, सावकाश, सगळं दाखवत होते. पण उलटं दिसेल हे काही सुचलं नाही मला."

"दाखवत हुता?"

"मग काय? चैत्राच्या उन्हात दारात बसायची हौस होती का मला? आत खोली गार होती. तुला एक टाका आला की मी पुढचा काढायची. तू मान वाकडी केलीस की समजायचं, नाही कळलं. मग मी माझी ओळ उसवायची आणि परत घालायची. योसेफ म्हणायचा, एक रुमाल पुरा करायला तुला वर्ष लागेल."

आत्यांनी पदर तोंडाशी नेला. मग बोलल्या. हळदीकुंकवाचं सगळं बोलल्या, आपलं वाक्य जसंच्या तसं, सासूच्या नजरेचा आडोसा न घेता. "तिथं मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तुमी ऐकलं ते मला दिसलं. तरी मी गप बसले. टेम्पो भरला तवा बी गप बसले. मला माफ करा."

घरात कुकरची शिट्टी झाली. पॉल उठून गॅस बंद करून आला.

"लागलं होतं मला," एस्तेरबाई म्हणाल्या. "आता या वयात खोटं कशाला बोलू? लोक आमच्यामागं पाणी शिंपडायचे त्याची सवय झाली होती. तुझं मात्र लागलं. गावात मला एकच विद्यार्थिनी होती."

आत्या रडत होत्या. मीही रडत होते, आणि मला राग येत होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"माफ मी त्याच साली केलं," एस्तेरबाई पुढं म्हणाल्या. "आमच्या प्रार्थनेत रोज म्हणावंच लागतं तसं. पण साळू, तू बोललेलं अजून ठकूबाईच्या ओसरीवर पडून आहे. मला इथं भिंगारात सांगून ते तिथून हलणार नाही. ते तू जाऊन उचल."

"व्हय," आत्या म्हणाल्या.

एस्तेरबाईंची बोटं तोवर पिशवीच्या तोंडाशी पोचली होती. एकेका खिडकीत बोट घालून त्या बघत होत्या. "नाडी कुठं आहे?"

"ती मला येत न्हाई."

"कशी येईल? ती आम्ही आत बसून विणायचो. योसेफ रात्री रिकामा बसला की त्याला झोप यायची, म्हणून त्यानं रिळाला चार खिळे मारून घेतले होते. पिशवी माझी, नाडी त्याची." त्यांनी पिशवीचं तोंड बोटांनी मिटलं. "ते शिकायला तुला आत यावं लागलं असतं."

आत्यांनी पदरानं डोळे पुसले.

"मग ये ना आता," एस्तेरबाई म्हणाल्या. "तेव्हा तू मला गल्लीपलीकडून दिसायचीस. आता मला दिसत नाही. माझा हात पोचेल इतकं जवळ यायला लागेल."

आत्या चौकटीला धरून उठल्या. गुडघ्यानं त्रास दिला, मी पुढं झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. आत आल्या आणि खाटेवर एस्तेरबाईंच्या शेजारी बसल्या. एस्तेरबाईंनी चाचपून त्यांचा डावा हात धरला आणि तो आपल्या मांडीवर घेतला.

पॉलनं बिस्किटाच्या डब्यातून जुनं लाकडी रीळ आणून दिलं. वरच्या तोंडाला चार बारीक खिळे. सुताचं टोक भोकातून खाली सोडायचं, चारही खिळ्यांना एकेक वेढा द्यायचा. मग सूत खिळ्यांच्या बाहेरून नुसतं टेकवायचं आणि खालचा वेढा जाड सुईनं उचलून खिळ्यावरून आत टाकायचा. एक खिळा झाला की पुढचा, गोल गोल. खालच्या भोकातून नाडी आपोआप उतरत येते. आत्यांची सुई, वर एस्तेरबाईंची बोटं. चुकलं की बोटं दाबायची. इतकं सोपं काम, आणि आत्या मान वाकडी करून करत होत्या. मी ते एस्तेरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "करू दे. सुरुवातीला करतेच ती." तासाभरात वीतभर नाडी उतरली. दुपारी आम्ही तिथंच जेवलो, वांग्याची भाजी आणि भाकरी.

रीळ त्यांनी दिलं नाही. योसेफचं आहे म्हणाल्या, आणि मला ते पटलं. घरी आल्यावर भागवतनं पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून, त्याला तारेनं चार खिळे आवळून बांधून दिले. महिनाभर आत्या उठता-बसता नाडीच विणत होत्या. मोतिया पिशवीला दोन नाड्या झाल्या, एक या बाजूनं ओवायची, एक त्या बाजूनं. दोन्ही ओढल्या की तोंड बंद.

पण मला घोर संक्रांतीचा होता. ठकूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, तरी हळदीकुंकू अजून त्यांच्याच ओसरीवर होतं, नातसुना सगळं बघतात. भोगीच्या दिवसापासून आत्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मी दोनदा म्हटलं, आत्या, गटातल्या बायकांना सांगा, तेवढंही पुरे. त्या नाडी विणत राहिल्या. संक्रांतीला इरकल नेसल्या, पिशवी मनगटाला अडकवली आणि ओसरीच्या पायरीपाशी थांबून मला म्हणाल्या, "पॉलला फोन लाव. आन् आवाज मोठा ठेव."

मी फोन लावला. पॉलनं आईला फोन दिल्याचं सांगितलं. ओसरीवर तीसएक बायका, म्हाताऱ्या ठकूबाई मधोमध खुर्चीवर. तीळगूळ वाटून झाला होता. एकीनं पिशवी बघून विचारलं, "ही नाडी कुठनं आनली साळूबाई?"

आत्या उभ्या राहिल्या. "आनली न्हाई, विनली," त्या म्हणाल्या. "नर्सबाईंनी शिकवली. एस्तेरबाईंनी. पिशवी बी त्यांनीच शिकवली, आन् तोरन बी, जे या दाराला लावलं हुतं. माहेरी मला कायबी शिकवलं न्हाई. याच ओसरीवर मी त्यांच्यादेखत न्हाई म्हनले हुते. ते खोटं हुतं."

पोरीबाळी एकमेकींकडं बघायला लागल्या, त्यांना नर्सबाई कोण हेही माहीत नव्हतं. मग ठकूबाई बोळकं पसरून हसल्या. "अगं, आमाला ठावं हुतं की. समदी गल्ली बघत हुती तू गहू निवडताना. येवढं काय त्यात?"

सगळ्या हसल्या. आत्या हसल्या नाहीत.

"तुमाला ठावं हुतं," त्या म्हणाल्या, "पर त्यांनी माझ्या तोंडून 'न्हाई' ऐकलं हुतं. त्यांना माझ्याच तोंडून 'व्हय' ऐकाया पायजे हुतं."

मी फोन पुढं धरून उभी होते. पलीकडून खरखर आली. मग एस्तेरबाईंचा आवाज आला, ओसरीवर शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा.

"ऐकलं गं साळू," त्या म्हणाल्या. "आता फोन ठेवा. मला थोडं रडायचंय."